कोन म्हने?

गेल्या महिन्यात आमच्या लॉ कॉलेजच्या जुन्या ग्रूपवर एकाने भर दुपारी मेसेज टाकला, "सर गेले म्हणे." दुसऱ्या कुठल्याही ग्रूपवर अशा मेसेजखाली जोडलेल्या हातांची रांग लागली असती. आमच्याकडे एकानेही हात जोडले नाहीत. चिखलीला सरकारी वकील असलेला एक, मलकापूरला नोटरी झालेली एक, वकिली सोडून कृषी केंद्र टाकलेला एक आणि मी, आम्ही सगळ्यांनी जवळजवळ एकदमच विचारलं, "कोण म्हणे?"

मेसेज टाकणारा बिचारा गडबडला. म्हणाला, कॉलेजच्या शिपायाने सांगितलं. शिपायाला फोन गेला. त्याला सरांच्या शेजारणीने सांगितलं होतं. शेजारणीचा नंबर शोधून मीच फोन लावला. ती म्हणाली, "हाव ना, गेले. सकाळच्याच गाडीनं गेले. पुन्याले, लेकीकडे." रात्र पडायच्या आत सरांनी स्वतः ग्रूपवर आपला आवाज पाठवला, "पुण्यात आहे. जिवंत आहे. तपास बरोबर केला, शाबास. मेसेज टाकणारा नापास."

मी ऑफिसात एकटीच हसत बसले. शेजारणीला फोन लावताना मी दोनदा चुकीचा नंबर लावला, हे मात्र मी ग्रूपवर सांगितलं नाही. या माणसाने शिकवलं आम्हा सगळ्यांनाच, पण मी आज वकील आहे ती तो एका सकाळी जानेफळच्या एसटीत बसला म्हणून.

सर आम्हाला पुरावा कायदा शिकवायचे. आता त्या कायद्याचं नाव बदललंय, कलमांचे नंबर इकडचे तिकडे झालेत, आणि आमच्यासारख्या पाठांतरवाल्यांची पंचाईत झाली आहे. सरांना त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "पाटी बदलली बाई, दुकान तेच हाये."

बुटका, गोल माणूस. अंगात बारमाही काळा कोट. ते मूळचे वडनेर भोलजीचे, म्हणजे घाटाखालचे, आणि घाटाखालच्या उन्हात वाढलेल्या माणसाला आमच्या घाटावरचं ऊन म्हणजे थंडीच, असं त्यांचं म्हणणं होतं. कोटाच्या उजव्या बाहीला खडू लागलेला असे. तो खडू कधी झटकलेला मी पाहिला नाही. त्यांची बायको म्हणायची की कोट धुवायला टाकला तर हे गुन्ह्याचा पुरावा नष्ट केल्याचं कलम सांगतात.

पहिल्या तासाला ते आले, फळ्यावर एकच शब्द लिहिला, "म्हणे", आणि त्यावर एवढी जोरात काट मारली की खडू मोडला.

"हा शब्द दाराबाहेर चपलांसंगे काढून ठेवायचा," ते म्हणाले. "घरी जाताना पाहिजे असला त घालून जा. वर्गात दिसला त बाहेर."

बाहेरच्या माणसाला यातली अडचण कळणार नाही. आमच्याकडे "म्हणे" लावल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. तुरीचा भाव पडला म्हणे. नवीन तहसीलदार कडक आहे म्हणे. अमक्याची सून माहेरी गेली म्हणे. शेवटी म्हणे लावलं की सांगणारा मोकळा. गोष्टही पोचते आणि उद्या खोटी निघाली तर आपलं काहीच जात नाही. सरांचा सगळा राग या मोकळं होण्यावर होता. कायदा त्यांनी आम्हाला एका वाक्यात शिकवला, जे पाहिलं ते पाहणाऱ्याने सांगायचं आणि जे ऐकलं ते ऐकणाऱ्याने, मधल्या माणसाने घरी बसायचं. उरलेलं वर्ष ते एकच वाक्य आमच्याकडून घटवून घेण्यात गेलं.

एकदा मागच्या बाकावरून एकजण चुकून बोलून गेला, "सर, उद्या सुट्टी हाये म्हने."

"कोन म्हने?"

"शिपाईमामा म्हनले, सर."

"बोलाव."

शिपाईमामा आले. त्यांना सरांनी फळ्याशेजारी उभं केलं, खरं बोलण्याची शपथ दिली आणि विचारलं की सुट्टीचं तुम्हाला कोणी सांगितलं. शिपाईमामांनी ऑफिसातल्या बाईंचं नाव घेतलं. बाई आल्या, त्यांनी प्राचार्यांचं नाव घेतलं. वर्ग थांबलेला, सर दारात उभे, आणि प्राचार्य स्वतः चालत येऊन सांगून गेले की सुट्टी उद्या नाही, परवा आहे. सरांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू एका निर्दोष माणसाला त्यांनी फासावरून उतरवलं होतं.

दुसरा त्यांचा वैरी म्हणजे सूचक प्रश्न. ज्या प्रश्नातच उत्तर दडलेलं असतं तो प्रश्न आपल्या साक्षीदाराला विचारायचा नसतो, एवढाच तो नियम. सरांनी तो चहाच्या टपरीपर्यंत नेला. टपरीवाला म्हणायचा, "चहा घेता ना, सर?"

"सूचक प्रश्न. उत्तर देनार नाई."

टपरीवाल्याने बरेच दिवस सोसलं. मग तोही शिकला. सर दिसले की कमरेवर हात ठेवून विचारायचा, "तुमी अठी काऊन आले?" सर खूश होऊन म्हणायचे, "चहा प्यायले." आणि मग चहा मिळायचा.

असा माणूस शिकवायला का लागला, याची गोष्ट त्यांनीच आम्हाला सांगितली होती. आधी ते वकिली करायचे. पहिल्याच मोठ्या दाव्यात त्यांच्या पक्षकाराने पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, "बांध आमचाच हाये म्हने." सरांनी भर कोर्टात त्याला विचारलं, "कोन म्हने?" पक्षकार पाहतच राहिला. समोरच्या वकिलाला उलटतपासणी करायचं कामच उरलं नाही. दावा गेला, पक्षकार गेला आणि त्याच्या मागोमाग सगळी वकिलीही गेली. "मी चुकलो नोयतो," ते आम्हाला सांगायचे, "माझी बाजू चुकली होती." एवढं सांगून ते पुढचं कलम काढायचे.

त्यांच्यापुढे कोणी टिकत नसे, पण घरी बायको टिकली. आम्ही एकदा घरी गेलो तेव्हा बाई पोहे देत म्हणाल्या, "यायले शुगर हाये म्हने." सर पोह्यांवरून मान वर करणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "कोन म्हने, ते विचारू नका. डॉक्टर म्हने. आनू का घरी?" सर गुपचूप पोहे खाऊ लागले. आमच्या सबंध शिक्षणात त्यांना हरताना पाहण्याचा तो दुर्मिळ योग होता. दुसरा योग माझ्या गावात यायचा होता.

आता आमच्या कॉलेजच्या इमारतीबद्दल सांगायला पाहिजे, कारण घोळ तिनेच केला. तालुक्याचं दिवाणी कोर्ट गावाबाहेर नव्या इमारतीत गेलं आणि जुन्या कोर्टाच्या खोल्या आमच्या कॉलेजला मिळाल्या. खोल्यांसोबत न्यायाधीशांचा उंच ओटा, त्यावरची मोठी खुर्ची, साक्षीदाराचा लाकडी पिंजरा आणि लोकांना बसायचे लांब बाकही मिळाले. दारावरची "न्यायालय" ही अक्षरं पुसली होती, पण पुसलेली दिसत होती. खेड्यापाड्यातले लोक सवयीने अजून तिथेच यायचे. वर्गात कोणी म्हातारा हात जोडून मागच्या बाकावर बसला तर आम्ही त्याला नव्या कोर्टाचा रस्ता सांगत असू.

सरांना मात्र ही जागा म्हणजे लॉटरी वाटे. ते आमच्याकडून खोटे खटले चालवून घेत. त्या वर्षी मला नांदायला न जाणारी बायको केलं. साखरखेर्ड्याचा एक पोरगा माझा नवरा. त्याने नांदायला येण्याचा दावा लावलेला, आणि सर कोट घालून वर खुर्चीत न्यायाधीश. हा पोरगा गणपतीतल्या नाटकांत कामं करून आलेला. पिंजऱ्यात उभा राहून तो खरोखर रडला. "इच्याबिगर मले घास गोड लागत नाई, मिलॉर्ड," असं म्हणून त्याने बाहीने डोळे पुसले. मी सगळी कलमं बरोबर सांगितली, आवाजही चढवला, पण सरांनी निकाल दिला की पत्नीने नांदायला जावं. मला मार्क कमी पडले. मी दोन दिवस त्या पोराशी बोलले नाही. त्याच्याशी बोलण्यासारखं तसंही काही नव्हतं.

मागच्या बाकावर त्या दिवशी कोण बसलं होतं, हे खटल्याच्या भरात कोणी पाहिलंच नाही.

मग एका सकाळी वर्गाच्या दारात माझे बाबा उभे. सोंगणीचे दिवस, शेतात सोयाबीन उभं, आणि बाबा पांढरे धुतलेले कपडे घालून जानेफळहून आलेले. बाबा सरांना नमस्कार करून म्हणाले, "साहेब, पोरीले घेऊन जातो. पुरे झालं शिक्षन."

बाबांबद्दल एक सांगते. माझ्या बाबांइतका सज्जन माणूस मी पाहिला नाही आणि त्यांच्याइतका लोकांना भिणाराही. आमच्या घरात भिंतीवर कोट घातलेल्या माणसाचा फोटो आहे. तो फोटो पाहूनच मी लहानपणी ठरवलं होतं की आपणही तसला कोट घालायचा. बाबांचं मन आतून माझ्या बाजूचं होतं. पण "मला असं वाटतं" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. घराला रंग कोणता द्यायचा इथपासून पोरीला शिकवावं की नाही इथपर्यंत, त्यांचं सगळं लोक म्हणे आणि सोयरे म्हणे यावर चालायचं.

"काऊन नेता?" सरांनी विचारलं.

बाबांची मान खाली. "लोक काहीबाही म्हनून राह्यले, साहेब. पोरीनं कोर्टात लगन केलं म्हने. नवऱ्यानं केस टाकली म्हने. दोन लेकरं हायेत म्हने."

वर्गात कोणाला हसावं की रडावं कळेना. मी दर शनिवारी गावी जायची, लेकरं मी कुठे ठेवली असती?

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "कोन म्हने?"

"साडू म्हने."

"साडूले कोन म्हने?"

"थे त नाई विचारलं."

"मंग चला, विचारू," सर म्हणाले. वर्ग सुटला असं त्यांनी सांगितलं नाही, वर्ग जानेफळला जातोय असं सांगितलं. वर्गातून मात्र आम्ही तिघंच निघालो, पुढे सर, मागे बाबा आणि त्यांच्या मागे मी. एसटीत सरांनी बाबांना खिडकीजवळ बसवलं आणि जानेफळ येईपर्यंत सोयाबीनवर किती फवारे मारले, एवढंच विचारलं. मी मागच्या सीटवर. बाहेर सगळीकडे सोंगणी चाललेली आणि माझ्या डोक्यात एकच, की आता आपण कोट घालणार नाही.

बाबांचा साडू गावातच राहायचा. ओसरीवर बसलेला. सरांनी विचारलं तसा तो चाचरला, "दोन लेकरं मी नाई म्हनलो बाप्पा. एकच म्हनलो. तेबी गिरनीवाला म्हनला म्हनून." गिरणीवाल्याने पिठाचे हात झटकले आणि कानावर ठेवले. लेकराचं त्याला काही माहीतच नव्हतं. पोरीने लग्न केलं, एवढंच त्याने ऐकलेलं, सुखदेवकाकांच्या बायकोकडून. सुखदेवकाका म्हणजे आमचे शेजारी, आमच्या घराची आणि त्यांच्या घराची भिंत एकच. काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लगनाचं मी कायले बोलू? ह्ये कोर्टातून आले आन म्हनले, पोरीवर केस हाये. तेवढंच मी सांगतलं."

असं मागे मागे जाता जाता माझा संसार कमी होत गेला. दोनाचं एक लेकरू झालं, मग तेही गेलं, मग लग्न गेलं. मला धीर यायला लागला. सर तर अशा ऐटीत चालत होते की गल्लीतली माणसं मागून येऊ लागली. आता राहिले एकटे सुखदेवकाका.

काका बाजेवर बसले होते. सरांना पाहताच ताडकन उठले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "जजसाहेब! तुमी? माह्या घरी?"

सर जागच्या जागी थांबले.

काकांचं सगळं खरं होतं. ते शेताच्या बांधाच्या तारखेसाठी तालुक्याला गेले, सवयीने जुन्याच कोर्टात शिरले आणि आपला नंबर येईल म्हणून मागच्या बाकावर बसून राहिले. समोर आपल्या शेजारची पोरगी उभी. नवरा पिंजऱ्यात रडतोय. आणि साहेबांनी सांगितलं की नांदायला जा. काकांना एवढं वाईट वाटलं की आपली तारीख विसरून ते परत आले.

सर सावरले आणि त्यांनी उलटतपासणी सुरू केली. "तुमी मांगं बसले होते. तोंड दिसत होतं तिचं?"

"तोंड कायले पाहिजे, साहेब? आवाज वयखतो मी. लहानपनापासून माह्याच वट्ट्यावर भांडते थे."

"चष्मा लागते तुमाले?"

"लागते. पन लावेल होता. तुमच्या कोटाले खडू लागेल होता, थोबी दिसला."

सरांनी बाहीकडे पाहिलं. खडू होताच. गल्लीतल्या सगळ्यांनीही पाहिला. आणि सरांचा चेहरा, काय सांगू, आनंदाने फुलून गेला. "असा साक्षीदार मले जन्मात भेटला नाई," ते बाबांकडे वळून म्हणाले, "वर्षानुवर्षं पोट्ट्यायले शिकवून राह्यलो, साक्षीदार कसा असावा. हा असा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इकडे माझं शिक्षण बुडतंय आणि हा माणूस साक्षीदारावर खूश.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "मंग झालं त, साहेब. तुमीच पाहनारा हुडकत होते. हा पाहनारा."

"थे कोर्ट खोटं होतं," सर म्हणाले. "शिकवनी होती."

"कोर्टात खोटं?" काकांनी बाबांकडे पाहिलं. "मंग खरं कुठी असते?"

ज्या नियमावर सरांनी जन्म काढला होता, तोच नियम त्यांच्यावर उलटला होता. आता मधलं कोणी नव्हतं. पाहणारा पाहिलेलं सांगत होता आणि त्याने पाहिलेले न्यायाधीश सरच होते. ते आपला चष्मा पुसत राहिले. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, घरी चल म्हणून. तो हात जड नव्हता, पण तो खांद्यावर राहिला असता तर मी कायमची घरी राहिले असते.

"सर," मी म्हणाले, "खालच्या कोर्टाच्या निकालावर अपील असते ना?"

सरांनी चष्मा पुसायचं थांबवलं. "असते. काऊन?"

"मले अपील करायचं हाये. तुमच्या निकालावर. अठीच, आत्ताच."

"कोनापुढं?"

"बाबांपुढं," मी म्हणाले.

आमच्या गल्लीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर अपील चाललं. आतली लोखंडी खुर्ची बाहेर आणली. बाबा बसायला तयार नव्हते. "मी कायचा जज, साहेब? मी सोयाबीनवाला."

"जज म्हंजे कोन असते?" सर म्हणाले. "दोन्हीकडचं ऐकते आन मंग सोताच्या तोंडानं सांगते, तो जज. बसा." बाबा खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांच्या मागे उघड्या दारातून विहारातला फोटो दिसत होता, आमच्या घरातल्यासारखाच, कोट घातलेल्या त्याच माणसाचा. सगळी गल्ली खाली बसली, सुखदेवकाका सगळ्यांत पुढे.

नवरा पाहिजे होता. साखरखेर्ड्याचा पोरगा तालुक्यालाच राहिलेला. तेव्हा सरच नवरा झाले. कोटाची बटणं लावली, ओट्याच्या एका कडेला उभे राहिले आणि त्यांनी असा गळा काढला की एक कुत्रं उठून गेलं. "मिलॉर्ड! इच्याबिगर मले घास गोड लागत नाई! सोता वरन करून राह्यलो, थेबी जळून राह्यलं! मले शुगर हाये, मिलॉर्ड!" आणि खडूच्या बाहीने डोळे पुसले. त्याबरोबर कपाळावर पांढरा पट्टा उमटला.

बायका आधी हसल्या. मग गडी हसले. काका मात्र हसत नव्हते. ते सरांकडे पाहत होते, माझ्याकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "अरे बाप्पा! तो पोट्टाबी हेच बोलला होता!"

"अक्षर न् अक्षर," सर रडणं थांबवून म्हणाले.

"म्हंजे जो तठी उभा राहीन, तो इचा नवरा?"

"हाव. उद्या तुमी उभे राहा, तुमी."

काकूंनी पदर तोंडावरून काढला आणि म्हणाल्या, "उभे त राहून पाहा!" मग जो हशा झाला त्यात माझं लग्न जवळपास वाहूनच गेलं. पण मला ते हशावर सोडायचं नव्हतं. कमी मार्कांचा राग अजून होता. मी ओट्याच्या पुढे आले आणि म्हणाले, "मिलॉर्ड, मले साक्षीदाराले विचारायचं हाये. काका, माह्या लगनात तुमी कुठी बसले होते?"

"कोनत्या लगनात?"

"माह्या. पंगतीत तुमाले काय वाढलं?"

"काईच नाई वाढलं. बोलावलंच नाई त."

"बुंदी?"

"नाई ना वं!"

मी गल्लीकडे वळले. "आपल्या गावात शेजाऱ्याले बुंदी न देता कोनाचं लगन लागलं आजपावेतो? भिंतीले भिंत लागेल हाये. आहेर, मंडप, वाजा, काईतरी कोनी पाह्यलं?" कोणी पाहिलं नव्हतं. मग मी सगळी कलमं सांगितली, जी कोणाला कळली नाहीत, पण सगळे ऐकत होते. मी पहिल्यांदाच असं उभं राहून बोलत होते आणि खाली माझी माणसं बसली होती. मला भीती वाटत नव्हती. भीती वाटली ती बोलणं संपल्यावर, कारण आता बाबांनी बोलायचं होतं.

बाबा उठले. निकाल बसून द्यायचा असतो, पण त्यांना बसून बोलवेना.

"हे त खोटं निघालं," ते म्हणाले. "पन सोयरे म्हनते, पोरीले एवढं दूर ठेवू नाई. साडू म्हनते, आज हे निघालं, उद्या दुसरं निघीन. लोक म्हनते..." आणि ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, मागे वळून दारातून फोटोकडे पाहिलं. मग खाली पाहून अगदी लहान आवाजात म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं पाह्यलं त, पोरीनं शिकावं म्हने."

आणि ओट्याच्या कडेवरून, कपाळावर खडूचा पट्टा असलेल्या माझ्या नवऱ्याने विचारलं. तो प्रश्न त्यांनी आम्हाला वर्षभर ओरडून विचारला होता. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा हलक्या आवाजात ऐकला.

"कोन म्हने?"

बाबांनी मान वर केली. साडूकडे पाहिलं, गिरणीवाल्याकडे पाहिलं.

"मी," बाबा म्हणाले. "मी म्हनतो."

सरांनी वाकून नमस्कार केला आणि आपण दावा हरलो असं गल्लीला जाहीर केलं. मग आमच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली, दुसऱ्यांदा ठेचा मागून घेतला आणि शेवटच्या एसटीने ते गेले. माझे कमी केलेले मार्क त्यांनी वाढवले नाहीत. मार्क अपिलात येत नाहीत, म्हणाले.

बाबा "मी" म्हणाले तेव्हा सरांचे डोळे भरले होते. याबद्दल विचारलं की सर अजूनही सांगतात, ते नवऱ्याचं रडं होतं, मी पार्टमध्ये होतो. सांगू देत. मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते, आणि मी स्वतः पाहिलं.